सामना रंगणे : अंतिम सामना आणि नाट्यास्वादाचा एक प्रश्न

मराठीत नाटक रंगते, कीर्तन रंगते, गप्पांची बैठक रंगते, विडा रंगतो आणि सामनाही रंगतो. ज्या अनुभवांना या एका क्रियापदाने एकत्र आणले, त्यांना वाङ्मयविचाराने मात्र कटाक्षाने एकमेकांपासून दूर ठेवले आहे. नाटकाच्या आस्वादाची मीमांसा करणाऱ्या ग्रंथांची मराठीत वाण नाही. खेळाचा सामना त्यांच्या कक्षेत क्वचितच आला. वृत्तपत्रांची रीत नेमकी उलट. तेथे शेवटच्या मिनिटाला झालेला प्रत्येक गोल ‘नाट्यमय’ असतो आणि प्रत्येक पराभव ‘शोकांतिका’. एकीकडे अव्हेर आणि दुसरीकडे उधळपट्टी, अशा या स्थितीत मूळ प्रश्न तसाच राहून जातो. सामना रंगतो म्हणजे नेमके काय होते, आणि ते नाटक रंगण्याहून वेगळे असेल तर कोठे वेगळे आहे?

हा प्रश्न हौसेचा नव्हे. रसाच्या आस्वादासाठी प्रेक्षकाने आपला व्यक्तिगत पक्ष बाजूला ठेवला पाहिजे, हे भारतीय साहित्यशास्त्राचे एक आधारभूत गृहीतक आहे. फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा प्रेक्षक हा पक्ष घेऊनच आलेला असतो. किंबहुना पक्ष नसता तर तो आलाच नसता. तेव्हा एक तर त्याचा अनुभव रसानुभव नव्हे असे म्हणावे लागेल, नाही तर त्या गृहीतकाची पुन्हा तपासणी करावी लागेल.

तपासणीसाठी दोन सामने सोयीचे आहेत. मुंबई सिटी आणि मोहन बागान या दोन संघांत इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना दोनदा झाला. पहिला १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा येथील नेहरू क्रीडांगणावर, दुसरा ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक क्रीडांगणावर. एक संघ २०१४ साली स्थापन झालेला. दुसरा १८८९ सालचा, १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकणारा आणि त्या विजयामुळे राष्ट्रीय चळवळीच्या स्मृतीत जाऊन बसलेला. २०२१ मध्ये तो ‘ए. टी. के. मोहन बागान’ या जोडनावाने खेळत होता. २०२३ पासून ‘मोहन बागान सुपर जायंट’ झाला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषकासाठी बंगालचे संघ दीर्घकाळ येत असत आणि तेथील प्रेक्षकांना त्यांचे आपसातले वैर पाहण्याची सवय होती. मुंबईचाच संघ कोलकात्याचा प्रतिस्पर्धी म्हणून उभा राहावा, ही गोष्ट त्या मानाने नवी आहे.

२०२१ च्या सामन्यात अठराव्या मिनिटाला डेव्हिड विल्यम्सने मोहन बागानला आघाडी मिळवून दिली. एकोणतिसाव्या मिनिटाला त्याच संघाचा बचावपटू तिरी याच्याकडून स्वयंगोल झाला. मध्यंतरापूर्वी मुंबईचा तरुण खेळाडू अमेय रानवडे डोक्याला मार लागून कोसळला आणि त्याला रुग्णवाहिकेतून न्यावे लागले. पुढे तो बरा होऊन खेळू लागला, पण त्या क्षणी खेळाचा खेळपणाच संपला होता. १–१ अशी बरोबरी नव्वदाव्या मिनिटापर्यंत टिकली. मग मोहन बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य पुढे सरसावला, चेंडू त्याला नीट दूर धाडता आला नाही, ओगबेचेने तो बिपिन सिंगपुढे आणला आणि बिपिनने गोल केला. त्या हंगामातील सर्वोत्तम गोलरक्षकाचा सन्मान त्याच भट्टाचार्यला मिळाला.

२०२४ मध्ये गोष्ट उलट दिशेने आली. १५ एप्रिलला साखळीच्या अखेरच्या सामन्यात मुंबईला नुसती बरोबरी पुरेशी असताना मोहन बागानने २–१ असा विजय मिळवून साखळीची ढाल नेली. एकोणीस दिवसांनी त्याच मैदानावर अंतिम सामना झाला. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला कमिंग्जने यजमानांना आघाडी दिली. त्रेपन्नाव्या मिनिटाला दियाझने बरोबरी साधली, एक्क्याऐंशीव्या मिनिटाला पुन्हा बिपिन सिंगने मुंबईला पुढे नेले, आणि भरपाईच्या वेळेत वोय्तुसने ३–१ असा शेवट केला. २०२१ मध्ये स्वतःच्या जाळ्यात चेंडू धाडणारा तिरी २०२३ साली मुंबईकडे आला होता.

या घटनामालिकेत नाट्य आहे असे वाटते, ते का? ॲरिस्टॉटलच्या कसोटीवर घासले तर हा सगळा मजकूर इतिहास ठरतो, काव्य नव्हे. जे घडले ते सांगणे इतिहासाचे काम आणि जे संभाव्यतेने किंवा अपरिहार्यतेने घडावे ते सांगणे कवीचे. भट्टाचार्यची चूक अपरिहार्य नव्हती. ती त्याच्या स्वभावातून उपजली नाही, आधीच्या प्रसंगांनी तिची तयारी केली नाही. ओथेल्लोच्या संशयासारखी ती पात्राच्या अंतर्यामी दडलेली नव्हती. तिला शोकनाट्यातला ‘प्रमाद’ म्हणणे हा वृत्तलेखकाचा अनुप्रास आहे, विवेचन नव्हे. पण त्याच ‘काव्यशास्त्रा’त एक लहानसा परिच्छेद आहे, त्याच्याकडे येथे लक्ष द्यावयास हवे. आर्गॉसमध्ये मिटिस नावाच्या माणसाचा पुतळा त्याच्याच खुन्यावर, तो पाहत उभा असता, कोसळला आणि खुनी मेला. हे घडले योगायोगाने. तरीही असल्या योगायोगात हेतू असल्याचा भास होतो, म्हणून तो इतर योगायोगांहून अधिक विस्मयकारक वाटतो, असे ॲरिस्टॉटल नोंदवितो. अंतिम सामन्यातील नाट्य हे मिटिसच्या पुतळ्याच्या जातीचे आहे. त्याला लेखक नसतो. लेखक असल्याचा भास तेवढा असतो. दोन्ही सामन्यांत निर्णायक गोल बिपिन सिंगचाच असणे, स्वयंगोल करणारा माणूस पुढे शत्रूच्या शिबिरात दिसणे, हे कोणी रचलेले नाही. आणि रचलेले नसल्यामुळेच ते अंगावर येते. एखाद्या नाटककाराने हीच गोष्ट रचली असती तर प्रेक्षकाने ती ओढूनताणून आणलेली म्हणून फेटाळली असती.

तिरीच्या उदाहरणात आणखी एक गुंता आहे. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त पूर्वाचार्यांची मते नोंदविताना श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय दिला आहे. भिंतीवरच्या चित्रातील घोड्याला पाहणारा ‘हा घोडा’ म्हणतो. त्याची ती प्रतीती यथार्थ नसते, मिथ्या नसते, संशय नसते आणि केवळ सादृश्यही नसते. नटाला राम म्हणणे या प्रकारचे आहे. आता ‘मुंबई जिंकली’ या वाक्याकडे पाहावे. बिपिन मणिपूरचा, ओगबेचे नायजेरियाचा, तिरी स्पेनचा. त्यांतल्या कोणाला मुंबई म्हणावयाचे? तरीही ते वाक्य उच्चारणारा खोटे बोलत नसतो, उपमाही देत नसतो. निळा सदरा हीच येथली भूमिका, आणि सदरा उतरवून दुसरा घातला की तोच माणूस दुसरे पात्र होतो. नाट्यगृहात आज रामाचे काम करणारा उद्या रावण झाला तर कोणी त्याची हुर्यो करीत नाही; क्रीडांगणावर करतात. भूमिका आणि माणूस यांतील अंतर प्रेक्षकाला ठाऊक असते, पण ते अंतर मान्य करण्याची त्याची तयारी नसते. शंकुकाचा घोडा येथे भिंतीवरून उतरून लाथ मारतो.

म्हणून प्रश्न प्रेक्षकाकडे वळतो. प्रेक्षकांचा पक्षपात नाट्यविचाराला अपरिचित नाही. उलट त्या विचाराचा आरंभच त्यातून झाला आहे. ‘नाट्यशास्त्रा’च्या पहिल्या अध्यायातील कथा सर्वांना माहीत आहे, पण ती नाट्योत्पत्तीची पुराणकथा म्हणून वाचली जाते; प्रेक्षकमीमांसा म्हणून क्वचितच. इंद्राच्या ध्वजमहोत्सवात पहिला प्रयोग झाला. विषय होता देवांनी दैत्यांवर मिळविलेला विजय. प्रेक्षकांत दैत्यही होते. आपला पराभव करमणूक म्हणून मांडलेला पाहून ते खवळले. विरूपाक्षाच्या नेतृत्वाखाली विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती स्तंभित केली. इंद्राने ध्वजदंड उचलून त्यांना झोडपून जर्जर केले, आणि त्या दंडाचे नावच ‘जर्जर’ पडले. तरी उपद्रव थांबेना, तेव्हा ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधविले आणि त्याच्या भागाभागांवर देवतांचे पहारे बसविले. नाट्यगृह ही वास्तू, या कथेनुसार, सौंदर्यदृष्टीतून उभी राहिली नाही. प्रेक्षकांच्या दंगलीतून उभी राहिली. फुटबॉलच्या मैदानाभोवतीचे कुंपण, दोन्ही पक्षांसाठी वेगळ्या गॅलऱ्या आणि पोलिसांच्या रांगा ज्याने पाहिल्या आहेत त्याला या कथेत पौराणिक असे फारसे काही वाटणार नाही.

आणि कुंपण नेहमीच पुरे पडत नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या साखळी सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळून सोळा माणसे मेली. मराठीत अशा प्रसंगाला ‘रंगाचा बेरंग होणे’ म्हणतात. बेरंग हा रंगाचा अभाव नव्हे. न रंगलेला सामना नीरस असतो. बेरंग झालेला सामना भलत्याच दिशेने रंगून फुटलेला असतो. ज्या पक्षपाताने सामना रंगला त्याच पक्षपाताने तो नासला, ही गोष्ट भाषेने जाणली आहे.

दैत्यांची तक्रार मात्र दंगल म्हणून निकालात काढण्याजोगी नाही. आपल्या हानीचे दृश्य आपण आनंदाने पाहावे, अशी अपेक्षा त्यांच्याकडून कोणत्या अधिकाराने केली गेली? हाच प्रश्न मराठी समीक्षेत दलित साहित्याच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात आनंद हा साहित्याचा सर्वमान्य निकष मानण्यास जो विरोध केला त्याच्या मुळाशी हाच मुद्दा आहे : वेदना ज्याची आहे त्याच्या दृष्टीने तिचा आस्वाद म्हणजे काय? फुटबॉलच्या पराभवाची तुलना शतकांच्या अवहेलनेशी करणे हास्यास्पद होईल. पण तटस्थ आस्वादाचा आग्रह बहुधा जिंकलेल्याला किंवा न खेळलेल्याला परवडतो, हे निरीक्षण दोन्ही ठिकाणी लागू पडते आणि रसचर्चेत ते पुरेसे विचारात घेतले गेलेले नाही.

ब्रह्मदेवाने दैत्यांना दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. नाट्य हे केवळ तुमचे किंवा देवांचे नव्हे, ते त्रैलोक्याच्या भावांचे अनुकीर्तन आहे, असा त्याचा आशय. उत्तर उदात्त आहे, पण त्याने पहिल्या नाटकाची संहिता बदलत नाही. खरे उत्तर चौथ्या अध्यायात आहे आणि ते सिद्धान्ताच्या नव्हे, प्रयोगाच्या रूपात आहे. तेथे ‘अमृतमंथन’ नावाचा समवकार सादर होतो आणि तो पाहून देव आणि दानव दोघेही हर्षित होतात. समुद्रमंथनातही अखेर अमृत देवांनाच मिळते, हे दानवांना ठाऊक होतेच. मग तेव्हा जे सोसवले नाही ते आता कसे सोसवले? दोन्ही कथावस्तूंतील फरक पाहिला म्हणजे उत्तर सापडते. पहिल्या नाटकात विजय होता, मंथनात सामना आहे. वासुकीचा दोर एकच, आणि तो दोन्ही बाजूंनी ओढल्यावाचून घुसळण होत नाही. पराभूत पक्षाला तेथे पराभवाखेरीज कर्तृत्वही आहे. त्याच्यावाचून अमृत निघालेच नसते.

‘रंगणे’ या क्रियापदाचा अर्थ येथे उलगडू लागतो. मराठीत ‘सामना रंगला’ याच्या विरोधात ‘सामना हरलो’ असे कोणी म्हणत नाही. ‘सामना एकतर्फी झाला’ असे म्हणतात. ३० सप्टेंबर १९७५ रोजी ईस्ट बंगालने मोहन बागानला आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ५–० असे हरविले. ईस्ट बंगालच्या पक्षपात्याला त्याहून गोड दिवस नसेल, परंतु तो सामना रंगला असे मराठी माणूस म्हणणार नाही. तो एकतर्फी झाला. अर्थात् रंगणे हा विजयाचा गुण नसून दोराच्या दोन्ही टोकांना असलेल्या ताणाचा गुण आहे, आणि कट्टर पक्षपातीही हे जाणतो. त्याला विजय हवा असतो आणि सामना रंगायलाही हवा असतो. या दोन इच्छा परस्परविरोधी आहेत, आणि अंतिम सामन्याला बसलेल्या माणसाची सारी तगमग त्या विरोधातून आलेली असते.

या ठिकाणी मर्ढेकरांच्या लयविचाराची आठवण होणे साहजिक आहे. संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांनी कलाकृतीची घडण होते, हा त्यांचा सिद्धान्त चेंडूच्या देवघेवीला, आक्रमण आणि बचाव यांच्या मांडणीला चांगला लागू पडतो. मात्र त्या दृष्टीने सराव-सामना आणि अंतिम सामना यांत काहीच भेद उरत नाही. चषक हा लयीच्या बाहेरचा पदार्थ आहे. तो मेजावर ठेवलेला असतो आणि त्याच्यामुळेच नव्वदाव्या मिनिटाची बरोबरी ही दहाव्या मिनिटाच्या बरोबरीहून निराळी होते. रूपवादी मीमांसेला एवढा एक लौकिक तपशील पचविता येत नाही.

अभिनवगुप्ताची अडचण निराळ्या तऱ्हेची आहे. रसप्रतीतीची जी सात विघ्ने त्याने सांगितली त्यांपैकी दोन नेमकी क्रीडांगणावरची आहेत : जे दिसते ते ‘माझे’ किंवा ‘परक्याचे’ अशा नियमाने, विशिष्ट स्थळकाळात बांधून पाहणे, आणि स्वतःच्या सुखदुःखाच्या आहारी गेलेले असणे. दुसऱ्या विघ्नावर त्याने सांगितलेला उपाय मोठा मार्मिक आहे. वाद्ये, गायन, मंडपाची शोभा यांनी प्रेक्षकाला त्याच्या खाजगी सुखदुःखातून बाहेर काढावयाचे. क्रीडांगणावर वाद्ये असतात, गाणी असतात, पताकांची शोभाही असते; पण त्यांचे कार्य उलटे चालते. ढोल वाजतो तो ‘मी’ विसरण्यासाठी नव्हे, ‘आम्ही’ होण्यासाठी. ‘मी’चे ‘आम्ही’ होणे हे साधारणीकरण आहे काय? संकोचाच्या दृष्टीने एक पायरी गळली हे खरे. परंतु ‘आम्ही’च्या समोर ‘ते’ उभे असतात, तोवर अभिनवगुप्त त्याला मान्यता देणार नाही. सॉल्ट लेकचा साठ हजारांचा ‘आम्ही’ हा साठ हजार पटीने वाढलेला ‘मी’च आहे, असे तो म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही.

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना येथे अधिक उपयोगी पडते. तिच्यावर टीका पुष्कळ झाली. आनंदाची कारणमीमांसा म्हणून ती अपुरी आहे, हा आक्षेप रास्तही आहे. पण तिच्यातील मूळ निरीक्षण फार चांगले आहे. वाचक स्वतः स्वतःच राहतो आणि त्याच वेळी दुसराही होतो. हे दुहेरीपण म्हणजेच आस्वाद. पूर्ण तादात्म्य झाले तर आनंद संपतो, मुळीच झाले नाही तर तो सुरूच होत नाही. आता कट्टर पक्षपाती हा या कसोटीवर कोठे बसतो? त्याच्या बाबतीत विकल्प उरलेला नसतो. तो मोहन बागान ‘होत’ नाही, तो मोहन बागान आहे; म्हणून पराभवानंतरचे त्याचे दुःख हा करुणरस नव्हे. ते घरातल्या दुःखासारखे दुःख आहे आणि दुसऱ्या दिवशी त्याला भूक लागत नाही.

केळकरांच्या कल्पनेत चपखल बसणारा प्रेक्षक वेगळाच आहे, आणि त्याचा शोध घेण्यासाठी कोलकाता किंवा मुंबई सोडून श्रीरामपूरसारख्या गावाकडे यावे लागते. दौंड–मनमाड लोहमार्गावरचे हे गाव. स्थानकाचे नाव बेलापूर, गावाचे श्रीरामपूर. प्रवरेच्या कालव्यांनी आणि उसाने वाढलेली ही बाजारपेठ आहे. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले आणि शाहू स्टेडियमवर त्यांची वैरे पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. तशी परंपरा अहिल्यानगर जिल्ह्याच्या या भागात नाही. येथल्या प्रेक्षकाची नजर यात्रेतील कुस्तीवर, कबड्डीवर आणि क्रिकेटवर तयार झालेली. अशा गावी दूरचित्रवाणीसमोर बसून ४ मे २०२४ चा सामना पाहणाऱ्या माणसाला मोहन बागानशी वैर नसते आणि मुंबई हीही त्याची नव्हे. ती त्याच्या राज्याची राजधानी. शास्त्रार्थाने पाहता हाच आदर्श सहृदय. त्याला ना निजसुखाचे विघ्न, ना स्वपरभावाचे.

परंतु शास्त्राने कल्पिलेला हा तटस्थ प्रेक्षक प्रत्यक्षात पाच-दहा मिनिटांहून अधिक काळ तटस्थ राहत नाही. ज्याने अनोळखी गावच्या यात्रेत दोन अनोळखी पैलवानांची कुस्ती पाहिली आहे त्याला हे सांगावयास नको. लंगोटाच्या रंगावरून, अंगलटीवरून, एखादा मार खाऊनही उठला म्हणून, प्रेक्षक आपला माणूस निवडतो. ही बाजू उसनी असते. ती घेताना आपण ती घेतली आहे याची जाणीव असते आणि कुस्ती संपल्यावर ती तेथेच ठेवून घरी जाता येते. नेमके याच उसनेपणामुळे ती सविकल्प असते. श्रीरामपूरचा प्रेक्षक मुंबईच्या बाजूने ओरडेल, बिपिनच्या गोलावर उठून उभा राहील. तरीही कमिंग्जच्या गोलाला ‘वा’ म्हणण्याइतकी जागा त्याच्या मनात शिल्लक असेल. पक्षाचा त्याग ही आस्वादाची अट नसून पक्ष उसना असणे ही अट आहे, असा निष्कर्ष यातून काढावयास हरकत नाही. रंगमंचावर रामाच्या बाजूने उभा राहणारा प्रेक्षकही वस्तुतः एवढेच करीत असतो. (त्याच मे महिन्यात, सामन्यानंतर नऊ दिवसांनी, शिर्डी लोकसभा मतदारसंघात, म्हणजे श्रीरामपुरातही, मतदान व्हावयाचे होते. तेथली बाजू उसनी नव्हती, आणि तो सामना रंगला असे म्हणणाऱ्याच्या स्वरात नेहमी थोडा उपरोध असतो, तो यामुळेच.)

यावर असा आक्षेप येईल की हा निष्कर्ष क्रीडांगणावरच्या माणसावर अन्याय करतो. ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही त्याला रसिक ठरवून ज्याचे सर्वस्व पणाला लागले त्याला अरसिक ठरवितो. आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर तर्कापेक्षा मराठी लोककलेच्या इतिहासात अधिक चांगले मिळते. कलगी आणि तुरा ही शाहिरांची दोन घराणी. एक शक्तीला श्रेष्ठ मानणारे, दुसरे शिवाला. त्यांच्या झगड्यात सवाल-जवाबांनी रात्र सरे, आणि श्रोत्यांतही दोन तट असत. शिव आणि शक्ती यांचा वाद सुटणारा नव्हे हे गाणारे आणि ऐकणारे दोघेही जाणत होते. तरीही आपल्या शाहिराचा पाडाव झाला की त्या तटाची मान खाली जाई. म्हणजे बाजू पिढीजात होती, खरी होती, आणि वादाचा विषय मात्र असा निवडला होता की त्यात कोणाचाच अंतिम पराभव संभवत नव्हता. उसनेपणाचे काम येथे विषयाने केले. फुटबॉलमध्ये ते काम पंचांगाने होते. पुढल्या हंगामात पुन्हा सामना असतो. १५ एप्रिलला ढाल गमावलेली मुंबई ४ मे रोजी चषक उचलते, आणि त्यामुळे कट्टर पक्षपात्याचाही पराभव, त्याने कबूल केले नाही तरी, मुदतीचा असतो. त्याच्या अनुभवात विकल्प असतो. तो उशिरा येतो एवढेच.

प्रेक्षक मुळीच नसतील तर काय, हा प्रश्न भरताला पडण्याचे कारण नव्हते. २०२१ च्या सामन्याने तो विचारला. साथीमुळे तो सारा हंगाम गोव्यात, बंद दारांआड खेळला गेला आणि अंतिम सामनाही रिकाम्या बाकांसमोर झाला. भरताने प्रयोगाची सिद्धी प्रेक्षकांच्या प्रतिसादावरून मोजली आहे. मानुषी सिद्धी म्हणजे स्मित, हास्य, प्रशंसेचे किंवा हळहळीचे उद्गार, रोमांच, बक्षीस म्हणून फेकलेली वस्त्रे आणि अंगठ्या. दैवी सिद्धी म्हणजे ना आवाज, ना गडबड, आणि प्रेक्षागार भरलेले. शेवटची अट महत्त्वाची आहे. फातोर्ड्यात निःशब्दता होती, प्रेक्षागार नव्हते. तेव्हा ती दैवी सिद्धी नव्हे. सॉल्ट लेकवर बिपिनच्या गोलानंतर भरलेले प्रेक्षागार निःशब्द झाले. शब्दशः पाहता दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. पण घरच्या संघाच्या पराभवाने बसलेली दातखीळ भरताला अभिप्रेत असलेली शांतता नव्हती, हे सांगावयास भाष्यकाराची गरज नाही. २०२१ चा सामना मात्र रिकाम्या मैदानावरही रंगला, असे तो दूरचित्रवाणीवर पाहणारे म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असेल तर सामना रंगविण्याचे कार्य मैदानावरच्या गर्दीपेक्षा दूरवरच्या विखुरलेल्या, उसनी बाजू घेतलेल्या प्रेक्षकाकडे आता अधिक आले आहे, असे मानावे लागते.

‘नाट्यशास्त्रा’च्या सिद्धिविषयक अध्यायात आणखी एक तरतूद आहे, तिचा विचार करणे उरते. तेथे नाट्यमंडळ्यांच्या स्पर्धा गृहीत धरल्या आहेत. प्राश्निक म्हणजे परीक्षक बसत, गुणदोषांची लेखी गणना होई, आणि विजेत्याला पताका मिळे. दोन मंडळ्या समान ठरल्या तर निर्णय राजाकडे जाई आणि दोघींनाही पताका देता येत असे. भारतीय फुटबॉलने ही तरतूद अजाणता दीर्घकाळ पाळली. १९७२ चा रोव्हर्स चषक मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांना विभागून दिला गेला. १९७८ आणि १९८० चे फेडरेशन चषकही त्याच दोघांत वाटले गेले. यात्रेतील कुस्तीत याला ‘बरोबरीत सोडविणे’ म्हणतात आणि पंच तसे करू लागले की प्रेक्षकांतून ‘निकाली लावा’ अशी हाकाटी उठते. पुढे फुटबॉलने त्या हाकाटीला मान दिला. बरोबरी राहिली तर आता पेनल्टीचे फटके मारून निकाल लावतात. यंत्रातून अवतरणाऱ्या देवाकरवी कथानकाची गाठ सोडविणे ॲरिस्टॉटलला पसंत नव्हते. गाठ कथानकातूनच सुटली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. पेनल्टीचे फटके ही या अर्थाने यंत्रदेवताच होय. दोन तासांचे मंथन थांबवून, दोर बाजूला ठेवून, एकेकाने पुढे येऊन अमृत उचलावे असा तो प्रकार आहे. मुंबई आणि मोहन बागान यांच्या दोन्ही अंतिम सामन्यांत तिला पाचारण करावे लागले नाही. २०२१ मध्ये ती अवघ्या काही मिनिटांच्या आणि अतिरिक्त वेळेच्या अंतरावर होती, आणि भट्टाचार्यच्या पायातून निसटलेल्या चेंडूने तिचा प्रवेश टळला.